‘रोबोट’ मूळचा वेठबिगार, मग मराठीत तो ‘यंत्रमानव’ कसा झाला?

नागपूर : हॉटेलात ट्रे घेऊन फिरणारे, कारखान्यात वेल्डिंग करणारे, घरातली फरशी पुसणारे यंत्र... सगळ्यांना आपण ‘रोबोट’ म्हणतो. पण हा शब्द कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. तो आला नाटकातून. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आले. त्यातल्या कृत्रिम कामगारांसाठी चापेक यांना लॅटिन वळणाचा ‘लाबोरी’ हा शब्द सुचला होता, पण तो फार पुस्तकी वाटत होता. त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी सुचवले, ‘रोबोट म्हण की!’

चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतात सक्तीने करावे लागणारे काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबोट हा शब्दशः वेठबिगार! नाटकात हे वेठबिगार शेवटी मालकांवर उलटतात, आणि ते लोखंडाचे नसून कृत्रिम सजीव द्रव्यापासून बनवलेले आहेत. मराठीने मात्र त्याचे ‘यंत्रमानव’ केले. शब्द सुटसुटीत आहे, लगेच समजतो. पण त्यातली वेठ गळून पडली आणि मुळात नसलेले यंत्र आत आले. यंत्रे माणसाची कामे घेणार का, ही आजची चर्चा ऐकताना ती गळलेली वेठ आठवायला हवी.

‘रोबोटिक्स’ची गोष्ट त्याहून गमतीची. आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४१ मध्ये एका कथेत हा शब्द वापरला. तो आधीपासून प्रचारात असेल, असेच त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो त्यांनीच घडवला होता.

कृष्णविवर आणि लोणार

‘ब्लॅक होल’ छापून आले १९६४ मध्ये आणि रुळले १९६७ नंतर, भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्यामुळे. त्याआधी रॉबर्ट डिकी हे शास्त्रज्ञ अशा ताऱ्यांची तुलना कोलकात्याच्या कुप्रसिद्ध ‘ब्लॅक होल’ कोठडीशी करायचे, असे सांगितले जाते. आत गेलेला परत येत नाही, हा त्यातला अर्थ.

मराठीत ‘कृष्णविवर’ हा शब्द घरोघरी पोहोचवण्यात डॉ. जयंत नारळीकर यांचा मोठा वाटा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी याच नावाची कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केली, म्हणजे परीक्षकांवर नावाचे दडपण नको! कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ अशा शीर्षकांतून त्यांनी पुराणातली नावे थेट विज्ञानकथेत आणली. नवा शब्द घडवण्यापेक्षा लोकांच्या ओळखीच्या नावाला नवे काम देणे, ही युक्ती जास्त टिकाऊ ठरली.

विदर्भाच्या वाचकांना मात्र ‘विवर’ म्हटले की लोणारच आठवणार. तिथले विवर अशनीच्या आघाताने पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. चंद्रावरचीही विवरेच. खळगा आणि गिळंकृत करणारे भोक, दोन्हींना एकच शब्द! ‘उडत्या तबकडी’चेही तसेच. १९४७ मध्ये अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांनी आकाशातल्या वस्तू पाण्यावर बशी फेकल्यासारख्या उडत होत्या, असे सांगितले. बोलणे गतीबद्दल होते, वृत्तपत्रांनी आकार धरला. मराठीत बशीची तबकडी झाली, आणि तबकडी तर ग्रामोफोनचीही.

शब्दांचा कारखाना नागपुरात

शब्द घडवण्याच्या या उद्योगात नागपूरचा मोठा अध्याय आहे. संविधान सभेचे सदस्य डॉ. रघुवीर यांनी आपली ‘सरस्वती विहार’ ही संस्था फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपुरात आणली. संस्कृत धातूंना उपसर्ग आणि प्रत्यय जोडून हजारो पारिभाषिक शब्द त्यांनी तयार केले आणि त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश इथूनच प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीची टिंगलही खूप झाली. ती सगळीच अन्यायाची नव्हती. एकाच धातूपासून काढलेले शब्द तर्काला पटतात, पण जिभेवर बसतीलच असे नाही.

हा वाद आता थेट वर्गात पोहोचला आहे. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची वाट खुली झाली. तिथे ‘रोबोटिक्स’ लिहायचे की ‘यंत्रमानवशास्त्र’? नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच शब्द लागतो.

काही शब्दांत मात्र मराठीने स्वतःची भर घातली. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉट’ म्हणजे ताऱ्यांमधला खलाशी, ‘कॉस्मोनॉट’ म्हणजे विश्वातला. दोन्हींत शौर्याचा उल्लेख नाही. ‘अंतराळवीर’ हा ‘वीर’ आपण जोडला. गगनयान मोहिमेसाठी ‘व्योमनॉट’, ‘गगनयात्री’ हे शब्दही पुढे आले आहेत, पण मराठी बातम्यांच्या मथळ्यात अजून ‘अंतराळवीर’च बसतो.