शाळेच्या अंगणात वालाचा वेल

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ शाळांना बागेपुरती जमीन नाही. जमीन असली तरी पाणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपल्या स्मरणात आहेच. तथापि वालाच्या वेलास एक डबाही पुरतो.

तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घेऊन त्याच्या कडा ठोकून बोथट कराव्या. तळाशी चार-पाच छिद्रे पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्या. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असता मुळे कुजतात व वाळली की ती भेगाळते. दोन भाग मातीत एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत मिसळावे. चांगला पाऊस झाल्यावर बोटाच्या एका पेराइतक्या खोल तीन बिया लावाव्या व आधारास तुराट्या रोवाव्या. पावसाने ओढ दिल्यास पोषण आहाराचे तांदूळ धुतलेले पाणी घालावे.

महिन्याने अशक्त रोपे हळूच उपटून, एकच जोमदार रोप ठेवावे. उपटलेल्या मुळांवरील गाठी मुलांना दाखवाव्या. त्यांतील जंतू हवेतील नत्र वेलास पुरवितात. गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. म्हणून श्रावणात फूल न दिसल्यास वेल उपटू नये. मावा पडल्यास शेंडे पाण्याने धुवावे. शेंगा कोवळ्या तोडाव्या, परंतु शिजवूनच खाव्या.

चार शेंगा मात्र वेलावरच वाळू द्याव्या. ते पुढील वर्षीच्या मुलांचे बियाणे होय.