पराभूत घोडीचा दिग्विजय

१९३० सालच्या डिसेंबरात इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे भरलेल्या घोड्यांच्या लिलावात फ्रान्सहून आलेली एक चार वर्षांची घोडी १,२५० गिनींना विकली गेली. तिचे नाव ला त्रोयेन. फ्रान्समधील कापडगिरण्यांचे धनाढ्य मालक मार्सेल बूसाक यांच्या पदरी १९२६ साली ती जन्मली होती. पिता टेडी आणि माता एलेन द त्र्वा, दोघेही अस्सल खानदानी. परंतु ज्या एका कसोटीसाठी थरोब्रेड जातीचा घोडा जन्मास घातला जातो, त्या शर्यतीच्या मैदानावर तिला एकदाही विजयी होता आले नव्हते, आणि म्हणूनच बूसाक यांनी तिचा मोह सोडला असावा. एडवर्ड ब्रॅडली या अमेरिकन अश्वशौकिनाने तिला विकत घेऊन केंटकी संस्थानातील लेक्सिंग्टनजवळच्या ‘आयडल अवर’ नामक आपल्या पागेत आणविले. १९५४ साली ती मरण पावली, तोपर्यंत तिच्या पोटी चौदा शिंगरे जन्मली होती. आणि विसाव्या शतकात अमेरिकेत आलेल्या पैदाशीच्या माद्यांमध्ये तिच्याइतका दूरवर पोहोचलेला प्रभाव दुसऱ्या कोणत्याही घोडीचा नाही, हे मत आज या क्षेत्रातील जाणकारांत जवळजवळ सर्वमान्य आहे.

तिच्या चौदा अपत्यांपैकी पाचांनी नामांकित शर्यती जिंकल्या. कन्या ब्लॅक हेलन १९३५ साली आपल्या वयाच्या माद्यांत अव्वल ठरली. पुत्र बिमेलेक याने १९४० साली केंटकी डर्बीत दुसरा क्रमांक पटकावून नंतर प्रीकनेस आणि बेलमाँट या दोन्ही महत्त्वाच्या शर्यती सर केल्या. (ब्रॅडली आपल्या बहुतेक घोड्यांची नावे ‘बी’ या एकाच आद्याक्षराने ठेवीत, त्यामुळे या कुळाची वंशावळ वाचताना प्रारंभी थोडा गोंधळ उडतो.) परंतु खरा चमत्कार पुढच्या पिढ्यांत घडला. बेबी लीग या कन्येची मुलगी बुशर हिने १९४५ साली नरमादी सर्वांना मागे टाकून त्या वर्षीच्या सर्वश्रेष्ठ घोड्याचा बहुमान मिळविला. बिझनेसलाइक या दुसऱ्या कन्येची मुलगी बुसांडा, आणि बुसांडाचा पुत्र बकपासर हा १९६६ चा सर्वश्रेष्ठ घोडा. बिग हरी या तिसऱ्या कन्येची मुलगी सर्चिंग, सर्चिंगची मुलगी प्राइसलेस जेम, आणि तिची मुलगी आले फ्रान्स, जिने १९७४ साली पॅरिसच्या लाँशाँ मैदानावर ‘आर्क द त्रिओंफ’ ही युरोपातील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. ज्या देशाने ला त्रोयेनला अयशस्वी म्हणून निरोप दिला होता, त्याच देशाच्या राजधानीत तिच्या चौथ्या पिढीतील लेकीने हा पराक्रम केला.

आता, अंकगणिताच्या दृष्टीने पाहिले तर हे सारे मोठे विलक्षण आहे. घोडीचा गर्भकाल सुमारे अकरा महिन्यांचा, आणि वेत एकाच शिंगराचे. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनास आणि गर्भरोपणास सक्त मनाई असल्यामुळे घोडीने स्वतः गाभण राहून स्वतःच व्यावे लागते. म्हणून उत्तम घोडीच्या नावावर जन्मभरात दहापंधरा अपत्यांपेक्षा अधिक सहसा जमा होत नाहीत. उलट एखाद्या नामांकित नराकडे एकाच हंगामात शंभराहून अधिक घोड्या पाठविल्या जातात. त्यामुळे या जातीचा इतिहास डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क या तीन आयात नरांच्या नावाने लिहिला गेला, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. परंतु ते न्याय्य होते असे मात्र मला वाटत नाही. डब्लिन येथील संशोधकांनी २००१ साली केलेल्या मोजदादीत असे आढळले, की आजच्या थरोब्रेडांचे सुमारे ९५ टक्के पितृवंश एकट्या डार्ली अरेबियनकडे पोहोचतात, तर मातृवंशांपैकी ७२ टक्के वंश दहा आदिमातांमध्ये वाटले गेले आहेत. म्हणजे बापाच्या बाजूने पाहिले तर ही जात जवळजवळ एकाच घराण्याची. तिच्यात जे वैविध्य टिकून राहिले, त्याचा मोठा भाग आयांच्या बाजूने टिकला.

अरबस्तानातील बदाऊ टोळ्या आपल्या घोड्यांचे कूळ मातेवरून सांगत आल्या आहेत. पाश्चात्त्यांपैकी ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच दृष्टी पत्करली: १७९१ पासून इंग्लंडात छापल्या जाणाऱ्या वंशनोंदवह्यांचा ढीग उपसून त्याने प्रत्येक विजेत्याची आई, आईची आई, तिची आई असे मूळ शोधीत नेले, आणि इंग्लंडच्या तीन प्रमुख शर्यतींच्या विजेत्यांच्या संख्येनुसार त्या आदिमातांना क्रमांक दिले. ला त्रोयेन याच हिशेबात पहिल्या कुळातील. तिच्या मातृवंशाचा उगम ट्रेगनवेल नावाच्या गृहस्थाच्या बार्ब जातीच्या घोडीपाशी जातो. लो याने या क्रमांकांवरून पैदाशीचे जे नियम बांधले ते पुढे टिकले नाहीत, पण त्याचे क्रमांक मात्र आजही पैदाशीच्या दफ्तरात वापरले जातात, आणि त्याला कल्पनाही नसेल अशा एका शास्त्रीय सत्याशी त्यांची गाठ पडली.

ते सत्य असे. प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाबाहेर तंतुकणिका नावाचे सूक्ष्म अवयव असतात. अन्नातील द्रव्ये आणि प्राणवायू यांच्या संयोगातून पेशीला लागणारी ऊर्जा मुख्यतः तेथेच निर्माण होते, आणि या अवयवांजवळ स्वतःचा असा एक छोटासा, वर्तुळाकार डीएनए असतो. गर्भधारणेच्या वेळी नराच्या शुक्रपेशीकडून आलेल्या तंतुकणिका टिकत नाहीत. गर्भाला मिळतात त्या बीजांडातल्या, म्हणजे मातेच्याच. केंद्रकातील गुणसूत्रे प्रत्येक पिढीत अर्धी बापाची, अर्धी आईची अशी नव्याने वाटली जात असताना हा तंतुकणिकांचा डीएनए मात्र, आपल्याकडे आडनाव जसे बापाकडून मुलाकडे अखंड जाते तसा, आईकडून लेकीकडे जवळजवळ अविकृत स्थितीत जात राहतो. ला त्रोयेनच्या पेशीत जी तंतुकणिका होती तिचीच प्रत आले फ्रान्सच्या स्नायूंत होती. बकपासरच्याही स्नायूंत ती होतीच. पण तो नर असल्यामुळे ती त्याच्यापाशीच संपली.

तंतुकणिकांच्या या डीएनएच्या तपासणीने वंशनोंदवह्यांचेही परीक्षण झाले. एमलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोंदीप्रमाणे एकाच आदिमातेच्या संततीत गणलेल्या काही घोड्यांचा तंतुकणिकीय डीएनए परस्परांशी जुळत नसल्याचे दिसून आले. अर्थात दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या लेखणीतून, किंवा व्यायच्या वेळी पागेत हजर असलेल्या नोकराच्या स्मरणातून, कोठेतरी घोटाळा झाला होता. आज असे होण्यास वाव उरलेला नाही. भारतातील थरोब्रेडांची वंशनोंद ज्या पुण्याच्या कार्यालयात ठेवली जाते, तेथेही शिंगराचे जनकत्व डीएनए चाचणीने सिद्ध झाल्याखेरीज त्याची नोंद होत नाही. आणि ही नोंद नसेल तर त्या जनावरास महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर थरोब्रेड म्हणून पाऊल टाकता येत नाही.

तथापि तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये जनुके अवघी सदतीस असतात, आणि घोड्याची उरलेली सर्व सहस्रावधी जनुके बत्तीस जोड्यांच्या गुणसूत्रांत वसतात, हे विसरून केवळ मातृवंशाचा जयघोष करणे अशास्त्रीय ठरेल. येथे एक वंशावळ जवळून पाहू. १९८९ च्या बेलमाँट शर्यतीचा विजेता ईझी गोअर याची आई रिलॅक्सिंग, तिची आई मार्किंग टाइम, तिची अ‍ॅलमांड, तिची बिग हरी, आणि बिग हरीची आई ला त्रोयेन. पण रिलॅक्सिंगचा बाप कोण? तर बकपासर, त्याची आई बुसांडा, तिची बिझनेसलाइक, आणि तिचीही आई ला त्रोयेनच. अशा रीतीने एकाच शिंगरात ही घोडी दोन वाटांनी पाचव्या पिढीत येते. प्रत्येक वाटेने तिचा अपेक्षित अंश एक बत्तिसांश, म्हणजे दोन्ही मिळून एक सोळांश. आता या दोन वाटांत एक सूक्ष्म भेद आहे. तंतुकणिका ईझी गोअरला मिळाली ती बिग हरीच्या वाटेने. बकपासरच्या वाटेने ती येऊच शकत नव्हती. परंतु नरास एक्स हे लिंगगुणसूत्र केवळ आईकडूनच मिळते आणि तो ते आपल्या प्रत्येक लेकीस जवळजवळ जसेच्या तसे देतो. म्हणून बुसांडाकडून बकपासरने घेतलेले एक्स रिलॅक्सिंगला अखंड मिळाले, आणि त्यातला जो तुकडा मूळच्या ला त्रोयेनचा असेल, तो नराच्या हातूनही पुढच्या मादीपर्यंत पोहोचू शकला. बकपासर हा पुढे लेकींचा बाप म्हणून, अर्थात विजेत्यांच्या मातांचा पिता म्हणून, अमेरिकेत अग्रगण्य ठरला. त्याचे सारे श्रेय या एका गुणसूत्राला द्यावे असा पुरावा नाही. पण मातेचा वारसा पुत्राच्या द्वारे नातींकडे कसा जातो, हे समजण्यास याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

जनुकांव्यतिरिक्त आईकडून आणखी एक देणे येते, ते गर्भाशयाचे. केंब्रिज येथील वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धिप्पाड शायर आणि बुटके शेटलंड या दोन जातींचा दोन्ही दिशांनी संकर केला: एकीकडे शायर आई आणि शेटलंड बाप, दुसरीकडे याच्या उलट. दोन्ही बाजूंच्या शिंगरांत जातींचे मिश्रण सारखेच, परंतु शायर आईच्या पोटचे शिंगरू जन्मतः शेटलंड आईच्या शिंगराच्या सुमारे तिप्पट वजनाचे भरले, आणि ही तफावत पुढे वाढीच्या वयातही पूर्णपणे बुजली नाही. घोडीची वार अशा रचनेची असते, की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून नवजात शिंगरू रोगांविरुद्ध जवळजवळ निःशस्त्र जन्मते, आणि त्याला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळालाच पाहिजे, कारण दिवसभराच्या आत त्याच्या आतड्याची चिकातील ती प्रतिपिंडे शोषून घेण्याची क्षमता संपते. जाणता मोतद्दार रात्रभर जागून शिंगरू उभे राहिले की नाही, आचळाला लागले की नाही, हे पाहत बसतो ते याचसाठी. ज्या आईचे गर्भाशय निरोगी, चीक कसदार आणि स्वभाव शांत, तिच्या अपत्याच्या यशाचा पाया त्या रात्रीतच घातला जातो.

आणि तरीही निष्पक्षपणे सांगावयाचे तर, मातेच्या लौकिकात माणसाच्या निवडीचाही मोठा हिस्सा असतो. ला त्रोयेनच्या लेकी चमकू लागल्या, तसतसे त्यांच्याकडे उत्तमोत्तम नर नेले गेले. बुशर, बुसांडा आणि सर्चिंग या तिघींचाही पिता १९३७ चा ट्रिपल क्राऊन विजेता वॉर अ‍ॅडमिरल हाच होता. १९४६ साली ब्रॅडली वारल्यावर त्यांच्या पागेतील घोड्या ज्यांच्या हाती पडल्या तेही धनवान आणि दूरदर्शी मालक होते. उत्तम चारा, उत्तम शिक्षक आणि उत्तम जोडीदार यांची वाण त्यांच्या पागेत नव्हती. २००८ साली एडिंबरा येथील एका अभ्यासात घोड्याने जन्मभरात मिळविलेल्या बक्षिसांतील तफावतीपैकी सुमारे एक दशांशच आनुवंशिकतेच्या वाट्याला येते असे आढळले, ते लक्षात घेता या बाह्य परिस्थितीचे वजन कमी मानता येणार नाही. परंतु त्याचबरोबर एक गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. बूसाक यांनी ला त्रोयेनला विकले, तरी तिच्या आईला आपल्याजवळच ठेवले. आणि त्या आईच्या पोटी १९३१ साली जन्मलेल्या आदार्गातिस हिने फ्रान्समधील मादी शिंगरांची सर्वश्रेष्ठ शर्यत १९३४ साली जिंकली, पुढे तिचा पुत्र आर्दाँ १९४४ च्या आर्कचा विजेता झाला. दोन खंडांत, दोन भिन्न मालकांकडे, भिन्न नरांच्या संगतीने एकाच आईच्या दोन मुलींनी असे कूळ वाढवावे, यावरून एवढे तरी मानावे लागते, की ला त्रोयेनच्या अंगचे गुण शर्यतीत प्रकट झाले नसले, तरी ते तिच्या रक्तात होते.

मातांचे असे देणे दफ्तरात न सापडणारेही असू शकते. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मायोस्टॅटिन या स्नायूंच्या वाढीस आवर घालणाऱ्या जनुकाचा शर्यतीच्या अंतराशी संबंध दाखविला: ‘सी’ या रूपाच्या दोन प्रती असलेले घोडे कमी अंतरात वेगवान, ‘टी’ च्या दोन प्रती असलेले लांब पल्ल्याचे, आणि एकेक प्रत असलेले मध्यम अंतराचे. २०१२ मध्ये त्यांनी या ‘सी’ चे मूळ शोधले, तेव्हा ते अरबी नरांकडे गेले नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ते एकाच पूर्वजाकडून या जातीत आले, आणि तो पूर्वज बहुधा ब्रिटनमधील देशी घोडी होती, असा निष्कर्ष निघाला. विसाव्या शतकात कॅनडात जन्मलेल्या निअर्क्टिकच्या आणि त्याचा पुत्र नॉर्दर्न डान्सर याच्या संततीमार्फत हे रूप जगभर पसरले. त्या घोडीची ओळख कोणत्याही नोंदवहीतून पटत नाही; तिचा माग काढण्यासाठी संशोधकांना १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या, संग्रहालयांत जतन केलेल्या बारा नामांकित नरांचे अवशेष आणि अनेक जातींच्या जिवंत घोड्यांचे नमुने तपासावे लागले.