गवती चहाचं तेल : धंदा करा, पण जपून!

गवती चहाच्या पातीतून वाफेवर काढलेलं हे तेल साबण, अगरबत्ती, फरशी पुसायचं लिक्विड, सगळ्यात चालतं. लिंबासारखा वास येतो तो सिट्रलमुळे. चांगल्या तेलात सिट्रल साधारण ७० ते ८० टक्के असतं, आणि तेच कातडीला झोंबतं. म्हणून हे तेल नुसतं लावू नका, पोटात तर घेऊच नका. मसाजसाठी १०० मिली खोबरेल तेलात १० थेंब पुरे. आधी हातावर थोडं लावून २४ तास थांबा. गरोदर बायका, लहान मुलं यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच. तेल तपकिरी काचेच्या बाटलीत, उन्हापासून लांब ठेवा. अंगाचा साबण बनवून विकायचा तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना आधी काढा. आणि लेबलवर सूचना छापाच. एका गिऱ्हाईकाला पुरळ उठलं, की दहा तुटतात!