वजन तेच, पण अंतर? फोर्कलिफ्टबद्दलचे पाच गैरसमज

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत डाय, कास्टिंग, पत्र्याची बंडलं. दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्या. नाशिकमधला असा बराच माल फोर्कलिफ्टवरून हलतो. माल किती जड आहे हे सगळे विचारतात. तो फोर्कवर नेमका कुठे टेकला आहे, हेही तितक्याच काळजीनं पाहायला हवं.

गैरसमज : अडीच टनी गाडी अडीच टन उचलणारच.
वस्तुस्थिती : एक टनापासून पाच टनांच्या आतल्या बहुतेक गाड्यांची क्षमता 500 मिमी भारकेंद्रासाठी दिलेली असते. फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे भारकेंद्र. भरलेला हंडा कमरेवर सहज पेलतो. तोच हंडा हात लांब करून धरला तर खांदा भरून येतो. इथेही तेच घडतं. समजा, पुढच्या आसापासून फोर्कची पाठ 450 मिमीवर आहे. मग 500 मिमीवर 2500 किलो पेलणारी गाडी 700 मिमीवर, निव्वळ समतोलाच्या हिशेबानं, सुमारे 2065 किलोच पेलेल. प्रत्यक्षात मात्र गाडीच्या कपॅसिटी प्लेटवरचा आकडाच मानायचा.

गैरसमज : पॅलेट कोणत्याही बाजूनं उचला, फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : 1200 × 1000 मिमीच्या पॅलेटवर माल सारखा पसरलेला असेल, तर 1000 मिमी खोलीच्या बाजूनं भारकेंद्र 500 मिमीवर येतं, 1200 मिमी खोलीच्या बाजूनं 600 वर. पॅलेट फोर्कच्या पाठीला टेकलेलं नसेल, तर मधली फट त्यात मिळवायची. माल म्हणजे एका बाजूला जड असलेलं यंत्र असेल, तर ती जड बाजू शक्यतो फोर्कच्या पाठीकडे घ्यावी.

गैरसमज : जमिनीवरून उचललं, म्हणजे वरच्या रॅकवरही जाईल.
वस्तुस्थिती : उंचीवर मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब, किंचित वाकतो, माल पुढे सरकतो आणि छोटा हिसकाही गाडी कलंडवू शकतो. म्हणून जास्त उंचीसाठी प्लेटवर कमी क्षमता दिलेली असते. मास्ट पुढे झुकवला की अंतर आणखी वाढतं. माल नेताना तो खाली आणि मास्ट मागे झुकलेला हवा.

गैरसमज : साइड शिफ्टर किंवा क्लॅम्प लावल्यानं क्षमता बदलत नाही.
वस्तुस्थिती : अटॅचमेंटला स्वतःचं वजन असतं आणि ती मालाला पुढे ढकलते. त्यामुळे क्षमता घटते. उत्पादकाकडून त्या जोडणीची नवी प्लेट घ्यायलाच हवी.

गैरसमज : मागची चाकं उचलली गेली, तर मागे दोन माणसं उभी करावीत.
वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक प्रकार. फोर्कलिफ्ट वळते ती मागच्या चाकांवर. ही चाकं हलकी झाली की स्टिअरिंगचा ताबा जातो. मागे वजन वाढवल्यानं मास्ट, फोर्क आणि पुढचा आस यांची ताकद वाढत नाही, आणि गाडी कलंडली तर ती माणसं चिरडली जातात. माल दोन खेपांत न्यावा, नाहीतर मोठी गाडी मागवावी.

किलोचा आकडा चलनावर लिहिलेला मिळतो. अंतर मात्र आपल्यालाच मोजावं लागतं. म्हणून मोजपट्टी गाडीतच ठेवा, आणि शंका आली की उचलण्याआधी ती लावा.