खाज गेली, रोग राहिला



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा आणि खताचे हप्ते याविषयी लिहितो. आज विषय कातडीचा आहे. पण घामात आणि चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याला व तोडणी मजुराला तो जवळचा आहे, म्हणून लिहितो.

आमचे मूळ गाव चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली, ताडोबाच्या जंगलालगतचे. गेल्या दिवाळीला घरी गेलो तर भाचा अवघडून चालत होता. धानाच्या रोवणीत भिजून जांघेत गजकर्ण झाले. त्याने औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मलम आणले. दोन दिवसांत आग थांबली, लाली गेली. पुढे चार महिने तेच चालले. म्हणाला, "मामाजी, लावलं का बरं वाटते, सोडलं का दुप्पट येते." चट्टे पोटापर्यंत चढले होते. जांघेची कातडी पातळ होऊन तिच्यावर फाटल्यासारखे लाल पट्टे उठले होते.

ट्यूबवर बारीक अक्षरात 'क्लोबेटासोल' लिहिले होते. हे जहाल स्टिरॉइड. लाली आणि खाज म्हणजे शरीर रोगाशी झगडत असल्याची खूण. स्टिरॉइड तो झगडाच दाबते. आपल्याला वाटते रोग गेला, आणि बुरशी मात्र मोकळी पसरते. उसाच्या काणीचे पाहा ना! शेंड्यातला काळा चाबूक नुसता छाटला तर फड स्वच्छ दिसतो, पण रोग बेटात राहतो. बेट मुळासकट काढून जाळावे लागते. अशा रूप पालटलेल्या गजकर्णाला डॉक्टरांनी १९६८ मध्येच 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे ओळख लपवलेले गजकर्ण, असे नाव दिले आहे.

खरी धास्ती पुढेच बसली. तीच ट्यूब शेजारच्या एका बाई मागून नेत. त्यांच्या दंडावर फिकट चट्टा होता. "खाजत नाही, दुखत नाही, म्हणून राहू दिला," म्हणाल्या. भाच्याबरोबर त्यांनाही दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून चट्ट्याला स्पर्श केला. बाईंना कळलेच नाही. तो कुष्ठरोग निघाला. ज्या जिल्ह्यात बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, तिथे आजही हा रोग संपलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण मेलेली नस पुन्हा जिवंत होईलच असे नाही. मलमात गेलेले महिने म्हणूनच महाग पडतात. बाई वेळेत पोहोचल्या, हात शाबूत राहिले.

म्हणजे मलम एक, रोग दोन, आणि दोघांनाही ते चुकीचेच.

स्टिरॉइड मुळात वाईट नव्हे. इसब, सोरायसिस यांत डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवस देतात. पण गोरेपणासाठी मुली तेच महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळतात. मग पुटकुळ्या, लव आणि उन्हात आग मागे लागते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये कातडीला लावायच्या १४ स्टिरॉइडांना चिठ्ठीच्या यादीत घातले. तरी काउंटरवर काय चालते ते आपण पाहतोच.

तेव्हा एवढे करावे :

१) चट्टा दिसला की आधी ओळख, मग औषध. बधिर चट्टा असेल तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

२) ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर चिठ्ठीशिवाय लावू नये. लहान मुलांना तर नाहीच.

३) बरेच दिवस लावत असाल तर लपवू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. मलम कसे सोडायचे ते तेच सांगतील.

४) गजकर्णाचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरे करा. कपडे व टॉवेल वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. घरात दुसऱ्या कोणाला असेल तर त्याचाही उपचार बरोबरच व्हावा.

मुकादमांनी टोळीतल्या माणसांना हे वाचून दाखवावे, ही विनंती. पिकावर रोग न ओळखता फवारणी करू नका, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. आपल्या अंगालाही तोच नियम लावा.

— ऊस विकास अधिकारी