यंत्रापुढचे सामान्यरूप

सामान्यरूप शिकून पुढे उपयोग काय, असे मराठीचे विद्यार्थी विचारतात. मी हैदराबादेत शिकवते, त्यामुळे उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. इथल्या ट्रिपल आयटीत भाषा तंत्रज्ञान संशोधन केंद्र आहे आणि भारतीय भाषांचे यांत्रिक भाषांतर हा तिथल्या संगणकशास्त्रज्ञांचा जुना विषय आहे. या विचाराची सुरुवात आयआयटी कानपूरची. विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी ‘अक्षर भारती’ या सामूहिक नावासह १९९५ मध्ये जे पुस्तक काढले, त्यात संगणकाला भाषा कशी समजावी याची मांडणी पाणिनीच्या चौकटीत केली आहे.

पाणिनी कशासाठी? इंग्रजीत कर्ता बहुधा शब्दक्रमावरून ओळखता येतो. आपल्याकडे क्रम सैल, आणि विभक्तीही फसवी. ‘मुलाने पत्र लिहिले’, ‘मुलाला पत्र लिहायचे आहे’, ‘मुलाच्याने पत्र लिहवत नाही’ : प्रत्यय तीन, लिहिणारा एकच. पाणिनीने विभक्ती आणि कारक वेगळे ठेवले. आपली शालेय व्याकरणे ते पुष्कळदा एकत्र कालवतात, यंत्राला मात्र ते वेगळेच लागतात.

मराठीची खरी अडचण शब्दाच्या आत आहे. ‘घरासमोरच्यांनी गाडी विकली’ यातला पहिला शब्द हिंदीत ‘घर के सामने वालों ने’ असा पाच शब्दांत पसरतो. मराठीत घर, त्याचे सामान्यरूप, समोर, चा, त्याचेही सामान्यरूप, अनेकवचनाचा अनुस्वार आणि शेवटी ‘नी’ अशी सारी वरात एकाच शब्दात. संगणकाला ती उलट्या क्रमाने सोडवावी लागते. त्यातही ‘माळ्याला’ घ्या. माळ्याला पगार दिला आणि माळ्याला कुलूप लावले. पहिला माळी, दुसरा माळा, रूप एकच. संगणकशास्त्रात या सोडवणुकीला रूपविश्लेषण म्हणतात. त्याचे नियम मराठी जाणणाऱ्यानेच लिहून द्यायचे असतात.

शब्दार्थाच्या बाजूने आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने शब्दजाल उभारले. आधी हिंदीचे झाले, मग त्यातल्या संकल्पनांना मराठी शब्द जोडत मराठीचे. काम वेगाने होते, पण हिंदीत नसलेली संकल्पना या वाटेने आपोआप येत नाही. ती कोणीतरी आठवणीने घालावी लागते. हे ‘कोणीतरी’ कुठून येणार, ही माझी काळजी.

कारण अभ्यासक्रमांच्या वाटा वेगळ्या आहेत. ट्रिपल आयटीत संगणकशास्त्राची पदवी आणि संगणकीय भाषाविज्ञानाची संशोधन-पदवी एकत्र देणारा कार्यक्रम आहे, पण तिथे गणिताशिवाय पाऊल पडत नाही. कला शाखेतल्या मुलीला हैदराबाद विद्यापीठातले अनुप्रयुक्त भाषाविज्ञान आणि अनुवाद अभ्यास केंद्र जवळचे. आमच्या किती विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते?

आता न्यूरल पद्धती आल्या, नियम कशाला, असे म्हणतात. या पद्धती मजकुराच्या मोजणीवरून शब्दांचे तुकडे पाडतात, आणि तो तुकडा सामान्यरूपाच्या सांध्यावरच पडेल असे नाही. शिवाय मजकूर असतो मुख्यतः छापील प्रमाण मराठीचा. इंदूरची, बेळगावची किंवा आमच्या हैदराबादेतली घरगुती मराठी त्यात कितीशी येणार?

म्हणून व्याकरणाच्या तासाला मी सध्या एकच स्वाध्याय देते. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्यायचा, प्रत्येक नामाचे मूळ रूप शोधायचे, आणि जिथे दोन मुळे संभवतात तिथे थांबून कारण लिहायचे. ‘माळ्यावर’पाशी वर्ग नेहमी अडतो.