‘य’पासून सुरू होणारी मुळाक्षरं

बाभुळगावात पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला कॅनडातल्या इनुइटांची इनुक्तितुत लिपी अवघड जाऊ नये. आपला ‘प’ जागचा हलत नाही, मात्रा त्याच्याभोवती फिरतात. तिथे मात्राच नाहीत. अक्षरच कूस बदलतं. एक बिनतळाचा त्रिकोण. टोक वर केलं की ‘पि’, उजवीकडे केलं की ‘पु’, डावीकडे ‘प’. दीर्घ स्वराला डोक्यावर टिंब. स्वर नसेल तर अक्षर बारीक करून वर टांगायचं. आपला पायमोडका ‘क्’ तिथे अंग चोरून बसतो. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 च्या सुमारास क्री भाषेसाठी ही युक्ती वापरली, पुढे ती इनुइटांकडे गेली. इव्हान्सच्या डोक्यात पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीही असावी, असं काही अभ्यासक मानतात.

पण अक्षरांची वेगळी मांडणी पाहायला एवढं उत्तरेला जायची गरज नाही. पांढरकवड्याहून खाली पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा. तिथल्या नारनूर मंडलात गुंजाला नावाचं गाव आहे. गोंडीला लिपी नाही, असं सर्रास सांगितलं जायचं. याच गावात एका निराळ्या लिपीतली गोंडी हस्तलिखितं निघाली, आणि हैदराबादचे जयधीर तिरुमलराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अभ्यासकांपुढे आणली.

गोंडीची आणखी एक लिपी आहे. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती 1918 मध्ये घडवली. तिचा क्रम आपल्या ओळखीचा, क-ख-ग-घ. युनिकोडमध्ये मसराम लिपी 2017 ला आली, गुंजाला 2018 ला. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख 84 हजार. त्यांच्यासाठी दोन लिप्या, शिवाय देवनागरी आणि तेलुगू आहेतच. खरी कोणती, हा वाद चालू राहो. शिकायला मसराम सोपी असेल, पण बुद्धीला खाद्य गुंजालात जास्त आहे.

कारण तिची व्यंजनं ‘क’ने नव्हे, ‘य’ने सुरू होतात. एकूण तीस. युनिकोडमधला क्रम एका दमात वाचला तर गोंधळ वाटतो, पण पाच-पाचच्या ओळी पाडून बघा. दुसरी ओळ: क ख त थ ल. तिसरी: ग घ द ध न. म्हणजे वरच्या ओळीतल्या कठोर वर्णांखाली त्यांचेच मृदू जोडीदार. चौथी: च छ ट ठ ळ. पाचवी: ज झ ड ढ ङ. पुन्हा तोच खेळ. आपण कठोर-मृदू एकाच ओळीत शेजारी बसवतो. इथे ते वरच्या-खालच्या मजल्यावर राहतात. ण, ञ, श, ष यांना घरच नाही.

पहिली ओळ मात्र हट्टी. य व ब भ म. हिचे कठोर जोडीदार वर नाहीत, लगतच्या खालच्या ओळीतही नाहीत. मग ‘ब-भ’चे जोडीदार गेले कुठे? ते थेट शेवटच्या ओळीत सापडतात: प फ ह र स.